दापोली ते दोहा: फोनची तयारी गावातूनच

कोकणातून परदेशी जाणारी माणसं ढोबळमानाने तीन प्रकारची. आखातात नोकरीला जाणारी, बोटीवर जाणारी, आणि मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला जाणारे आई-बाबा. तिघांच्याही बॅगा काट्यावर वजन करून भरलेल्या असतात. कुळथाचं पीठ, सोलं, मेतकूट, सगळं पुड्या बांधून. फोन मात्र खिशात जसा असतो तसाच विमानात चढतो.

निघण्यापूर्वी सगळे एकच विचारतात, “तिकडे नेट चालेल ना?” चालेल. पैसे टाकले की नेट जगात कुठेही मिळतं. गाडं अडतं ते ओटीपीवर. दोहात बसून गावच्या बँकेतले पैसे बहिणीला पाठवायचे असतात, ओटीपी जातो भारतीय नंबरवर, आणि ते सिम घरी कपाटात काढून ठेवलेलं असतं. त्यामुळे या लेखात नेटपेक्षा घरच्या नंबरवर जास्त लिहिलंय.

महिनाभर आधी: कोणता फोन नेणार?

परदेशी जायचं म्हणून आदल्या आठवड्यात नवा फोन घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे. हौस असेल तर जरूर घ्या, पण किमान महिनाभर आधी. कारण असं, की बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय हे फोन आणि सिम अशा जोडीला बांधलेले असतात. फोन बदलला की अ‍ॅप नव्याने नोंदणी मागतं, त्यासाठी तुमच्याच सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं, आणि सुरुवातीला पैसे पाठवण्यावर मर्यादाही घालतं. इथे हे पाच मिनिटांचं काम. परदेशात रोमिंगवर तो एसएमएस गेला तर गेला, नाहीतर बसा.

सिम बदलण्याचंही तसंच. जुनं सिम देऊन नवं घेतलं किंवा साध्या सिमचं ई-सिम (कार्ड नसलेलं, थेट फोनमध्ये उतरवायचं सिम) करून घेतलं, की पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस बंद असतात. ही सोय चोरांना अडवण्यासाठी आहे आणि चांगलीच आहे. पण मुंबईच्या गाडीत बसण्याच्या दिवशी सिम बदलायला गेलात तर ती तुम्हालाच अडवेल.

भाच्याने अमेरिकेहून आणलेला आयफोन नेणार असाल तर दोन गोष्टी पाहा. एक, तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला तर नाही? सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, त्यात ‘अबाउट’ उघडलं की खाली ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ असते. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं लिहिलेलं हवं. दोन, अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम चालतं. म्हणजे तुमचं भारतीय सिमही ई-सिम करून घ्यावं लागणार.

तुमचा फोन ई-सिम घेतो का ते पाहायचं तर डायलरवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. त्याच्यासोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. दिसणारा आयएमईआय एका कागदावर लिहून घरच्यांकडे द्या. तो कशाला लागतो ते शेवटी सांगतो.

घरचं सिम जिवंत ठेवा

भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या. पाकिटात नको, पासपोर्टच्या कव्हरात नको. फोनमध्ये, चालू स्थितीत. ई-सिम नसलेल्या पण दोन सिमच्या फोनला एका कप्प्यात घरचं, दुसऱ्यात तिकडचं. मेमरी कार्डने दुसरा कप्पा अडवला असेल तर फोटो दुसरीकडे उतरवून कार्ड काढून टाका.

मग कंपनीच्या अ‍ॅपमधून इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. हे आणि रोमिंगचा महागडा पॅक या वेगळ्या गोष्टी आहेत. रोमिंग सुरू असणं म्हणजे सिमला परदेशात नेटवर्क धरायची परवानगी. परदेशात असताना येणाऱ्या एसएमएसचे पैसे आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या लावत नाहीत. ओटीपीपुरतं एवढं पुरतं. कॉलचं तसं नाही. परदेशात भारतीय नंबरवर आलेला कॉल उचलला की तुमच्या खिशातून पैसे जातात. उचलला नाही तर जात नाहीत. गावाकडच्या मंडळींना हे नीट सांगून ठेवा, नाहीतर वाडीतले तात्या आंब्याच्या मोहोराची खबर द्यायला अर्धा तास बोलतील आणि तुम्हाला बोलवणार नाही, तोडवणार नाही.

कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल तर तेही काढा, कारण न उचललेला कॉल परदेशातून पुन्हा भारतात वळवला गेला तर त्याचे पैसे लागू शकतात. ##००२# डायल केलं की सगळी फॉरवर्डिंग एकदम बंद होतात.

रिचार्ज हा तिसरा भाग. सलग ९० दिवस नंबरवरून काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्याला देऊही शकते. तुमचा नंबर अनोळखी माणसाकडे जाणं म्हणजे तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाणं. म्हणून वैधतेची तारीख घरातल्या एखाद्या तरुण पोराच्या कॅलेंडरमध्ये टाकून द्या आणि रिचार्ज त्याच्या गळ्यात घाला. स्वस्तातला, वैधता लांब असलेला पॅक पुरे. डेटा नसला तरी चालेल, पण एसएमएस येत राहिले पाहिजेत.

व्हॉट्सअ‍ॅपचं विचारतात लोक. तिकडचं सिम टाकलं तरी व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं. ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं तर ‘नाही’ दाबा. २०२५च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅपसाठीही फोनमध्ये मूळ सिम असणं आवश्यक करणारा आदेश काढला. घरचं सिम फोनमध्ये ठेवायला हे आणखी एक कारण. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही लावून टाका.

तिकडचं नेट: तीन वाटा

पहिली वाट, भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक. महाग, पण डोक्याला ताप नाही. आठवडाभराच्या सहलीला किंवा एकट्याने जाणाऱ्या वयस्क माणसाला हाच घ्या. पॅकच्या यादीत तुमचा देश आहे का हे पाहताना मधल्या थांब्याचा देशही पाहा. न्यूयॉर्कचा पॅक अबू धाबीच्या विमानतळावर चालेलच असं नाही.

दुसरी वाट, प्रवासी ई-सिम. ऑनलाइन विकत घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, झालं. ते घरच्या वायफायवर निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण उतरवायलाच नेट लागतं. बहुतेक कोड एकदाच चालतात, तेव्हा उतरवलेलं ई-सिम चुकून पुसू नका. यात सहसा फक्त डेटा मिळतो, फोन नंबर मिळत नाही. टॅक्सीवाल्याला नंबर द्यायचा तर पंचाईत.

तिसरी वाट, तिथलं सिम. नोकरीला जाणाऱ्यांनी हेच घ्यायचं. पासपोर्ट लागतो. विमानतळावरच्या काउंटरवर पर्यटकांचे पॅक महाग असतात, तेव्हा पहिल्या दिवसापुरतं काम भागवा आणि रहिवासी ओळखपत्र हातात आलं की शहरातल्या दुकानातून नेहमीचं सिम घ्या. आखातातली सरकारी अ‍ॅप, पगाराचं खातं, सगळं पुढे त्या नंबरला जोडलं जातं, म्हणून नंबर स्वतःच्याच नावावर हवा. रूममेटच्या नावावरचं सिम फुकट मिळालं तरी घेऊ नका.

दोन सिमची सेटिंग

हे इथे बसून, चहा घेत, एकदा करून पाहा. सेटिंग्ज उघडा, ‘सिम’ किंवा ‘मोबाईल नेटवर्क’मध्ये जा. दोन्ही सिमना नावं द्या: ‘घर’ आणि ‘बाहेर’. विमानतळावर अर्धवट झोपेत ‘सिम १’ म्हणजे कुठलं ते आठवत नाही.

मोबाईल डेटासाठी ‘बाहेर’ निवडा. मग ‘घर’मध्ये जाऊन डेटा रोमिंग बंद करा. प्रवासी ई-सिम असेल तर त्याचं डेटा रोमिंग मात्र चालू लागतं, कारण ते मुळात दुसऱ्याच देशाच्या कंपनीचं असतं आणि रोमिंगवरच चालतं. सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात. ‘रोमिंग बंद ठेव’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं, ते दोन्हीकडे बंद करून बसतात आणि मग ‘ई-सिमवाल्याने फसवलं’ म्हणतात.

त्याच पानावर एक बटण असतं, एका सिमचं नेट गेलं की आपोआप दुसऱ्यावर जाण्याचं. ते बंद करा. चालू राहिलं तर ‘बाहेर’चं नेटवर्क जरा ढिलं पडलं की फोन ‘घर’च्या सिमवर डेटा ओढायला बघेल. कॉलसाठी ‘दर वेळी विचारा’ ठेवा, म्हणजे महागड्या सिमवरून चुकून फोन लागणार नाही. फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट फक्त वायफायवर.

नंबर सेव्ह करताना प्रत्येकापुढे +९१ लावा. रत्नागिरीच्या लँडलाइनचा ०२३५२ परदेशातून +९१ २३५२ होतो, पहिलं शून्य गळतं.

पैसे

कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून नव्या कार्डांना तसा नियमच केला. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा घाला. आई-बाबांच्या गावच्या बँकेला अ‍ॅप नसेल तर शाखेत अर्ज द्यावा लागेल, त्याला वेळ धरा. तिथे गेलातच तर खात्याला ईमेल जोडून घ्या आणि ओटीपी ईमेलवर मिळेल का ते विचारा.

दुकानात कार्ड घासताना मशीन विचारतं, रुपयांत की तिथल्या चलनात? तिथलं चलन निवडा. रुपये बघून बरं वाटतं, पण तो दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तुमच्या तोट्याचा असतो.

यूपीआय युएई, सिंगापूर, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा देशांत ठराविक दुकानांत चालतं. अ‍ॅपमध्ये ‘इंटरनॅशनल’ची सोय आधी चालू करावी लागते. यावर विसंबून रिकाम्या खिशाने मात्र जाऊ नका. नोकरीसाठी जाणाऱ्यांचं साधं बचत खातं अनिवासी झाल्यावर एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) बदलावं लागतं, आणि एनआरई (परदेशी कमाईचं खातं) किंवा एनआरओ खात्याला युएई, कतार, ओमान, सौदी यांच्यासह काही देशांचे नंबर जोडून यूपीआय वापरता येतं. आखातात वर्षानुवर्षं राहायचं असेल तर ओटीपीच्या कटकटीवर पक्का उपाय हाच.

नेट नसतानाही उघडेल असं

पासपोर्टची पानं, व्हिसा, तिकीट, नोकरीचा करार, विमा, तिकडचा पत्ता. सगळ्याचे फोटो फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत घरच्यांच्या फोनवर पाठवा. फक्त ईमेलमध्ये पडून असलेलं तिकीट नेट नसताना उघडत नाही. पत्ता तिथल्या लिपीतही असू द्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला.

गूगल मॅपवर तिकडचं शहर शोधा आणि ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, चालत जायचा किंवा बसचा नाही. गूगल ट्रान्सलेटमध्ये अरबी किंवा लागेल ती भाषा तशीच उतरवा. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ दिसतो. औषधाच्या बाटलीवर धरूनही काम होतं, पण औषधाचं फार्मसीवाल्याला विचारलेलं बरं.

याची तालीम कोकण रेल्वेत उत्तम होते. मुंबईला निघालात की रत्नागिरी सोडल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तिकीट, पासपोर्ट, नकाशा उघडतात का पाहा. निळा ठिपका नेटशिवाय सरकत राहतो, कारण जीपीएस थेट उपग्रहांवर चालतं. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मात्र तोही थांबतो, घाबरू नका. जे उघडलं नाही ते पनवेल यायच्या आत दुरुस्त करायला वेळ असतो.

चार्जर

पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जातात म्हणून घरोघर पॉवर बँक असते. ती केबिनच्या पिशवीत ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ च्या आसपास येते, म्हणजे बसते. अंगावरचा आकडा पुसलेली किंवा फुगलेली असेल तर घरीच ठेवा. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली आहे, फक्त एक सोबत नेता येते. तेव्हा फोन आधीच पूर्ण चार्ज करून चढा.

युएई, कतार, ओमान, सिंगापूर, ब्रिटन इथे तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. अमेरिकेत दोन चपट्या पिना. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त अ‍ॅडॉप्टर पुरतो.

विमानात, आणि उतरल्यावर

विमानात फ्लाइट मोड खरंच लावा. काही विमानांत स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि फोन त्याला चिकटला तर नेहमीच्या पॅकबाहेरचे पैसे लागतात.

उतरल्यावर घाईने मोड काढू नका. आधी विमानतळाचं वायफाय जोडा, घरी ‘पोचलो’ कळवा, दोन सिमची सेटिंग पुन्हा एकदा नजरेखालून घाला, मग मोड काढा. त्या वायफायवर बँकेचं अ‍ॅप उघडू नका. घड्याळ आपोआप बदलतं: दुबई आणि मस्कत आपल्या दीड तास मागे, दोहा, कुवेत आणि सौदी अडीच तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. औषधांचे गजर तिथल्या वेळेने वाजतात. बीपीच्या गोळीचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच निघा.

आखातात व्हॉट्सअ‍ॅप कॉल

युएई आणि कतारमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता येतं, फोटो जातात, व्हॉइस नोट जाते, पण कॉल सहसा लागत नाही. पहिल्या संध्याकाळी पोरगा फोन लावत राहतो, इथे आईला वाटतं काहीतरी झालं. युएईत बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप चालतात. ते निघण्यापूर्वी तुमच्या फोनमध्ये टाकाच, आणि आईच्याही फोनमध्ये टाका, तिच्या नंबरवर नोंदणी करून एकदा स्वयंपाकघरातून पडवीत व्हिडिओ कॉल लावून दाखवा. हिरवं बटण कुठलं, समोरचा कॅमेरा कसा फिरवायचा, हे दोनतीनदा तिच्या हातूनच करून घ्या. गणपतीत आरती दाखवायची असेल तर याचा उपयोग होतो. वाडीत रेंज एका कोपऱ्यातच येत असेल तर फोन कुठे उभा करायचा तेही ठरवून ठेवा.

रूमवर कोणीतरी व्हीपीएन, म्हणजे बंद असलेल्या सेवा आडवाटेने उघडणारं अ‍ॅप, टाकून देतो म्हणेल. युएईत गैरकामासाठी व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे आणि दंड लाखो दिरहॅमचा. नोकरी आणि व्हिसा पणाला लावण्याइतकं ते कॉलचं काम मोठं नाही. परवानगीशिवाय माणसांचे फोटो काढणं, व्हिडिओ टाकणं हेही तिथे गुन्ह्यात मोडतं. बाजारात रील बनवताना जपून.

चीनच्या बंदरांत गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही बंद. भारतीय सिमच्या रोमिंगवर ती सहसा चालतात, कारण तो डेटा भारतातूनच फिरून येतो. बोटीवरच्यांनी हे लक्षात ठेवावं. शिवाय समुद्रात काही जहाजांवर स्वतःचं उपग्रही मोबाईल नेटवर्क असतं, त्याचा दर जमिनीवरच्या पॅकमध्ये धरलेला नसतो. किनारा सुटला की फ्लाइट मोड लावून जहाजाच्या वायफायवर राहा.

फोन हरवला तर

आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून गूगल किंवा अ‍ॅपलच्या ‘फाइंड’ सेवेत जाऊन फोन लॉक करा. त्यासाठी ईमेलचा पासवर्ड पाठ हवा, आणि ईमेलची दुसरी पडताळणी त्याच हरवलेल्या सिमवर अवलंबून नको. बॅकअप कोड कागदावर लिहून बॅगेत ठेवा. नंतर बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करा. म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर हवा, फोनमध्ये नव्हे. मग तिथल्या पोलिसांत तक्रार: युएई आणि कतारमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९, कुवेत आणि युरोपात ११२, अमेरिकेत ९११. हे तातडीचे नंबर आहेत. चोरीची लेखी तक्रार जवळच्या चौकीत द्या. पासपोर्टही गेला असेल किंवा मालकाने अडवून धरला असेल तर भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते.

घरी ठेवलेल्या कागदावरच्या आयएमईआयचं काम आता. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरून तो फोन भारतीय नेटवर्कवर चालण्यापासून रोखता येतो. बँकेच्या खात्यातून पैसे गेले असतील तर घरच्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. सिमचं डुप्लिकेट काढायला ज्याच्या नावावर ते आहे त्याची ओळखपत्रानिशी पडताळणी लागते, त्यामुळे परदेशात बसून ते लगेच मिळेल हे धरून चालू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून आधी जुनं सिम बंद करा आणि तोवर बँकेचं काम ईमेलवरच्या ओटीपीवर चालवा.